म्युलर : गिरणीवाल्याचं आडनाव



मुंबईतलं आणि पुण्यातलं मॅक्स म्युलर भवन आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ज्यांच्या नावानं ते ओळखलं जातं, ते ऋग्वेदाचे संपादक फ्रीडरिश मॅक्स म्युलर १८२३ साली जर्मनीतल्या डेसाऊ शहरात जन्मले. म्युलर म्हणजे धान्य दळून देणारा, गिरणीवाला.

साधारण बाराव्या शतकापासून जर्मन शहरं वाढू लागली. एकाच नावाची पाच-दहा माणसं कागदोपत्री दिसू लागली, तेव्हा ओळख पटावी म्हणून नावापुढे धंदा लिहिला जाऊ लागला. पुढे मुलानं धंदा बदलला, तरी बापाचं आडनाव राहिलं. ओढ्याकाठची पाणचक्की तर पंचक्रोशीत कुठे ना कुठे असायचीच, त्यामुळे म्युलरही सर्वदूर झाले. उत्तरेतले म्योलर आणि लॅटिन वळणाचे मोलिटोर याच अर्थाचे.

गिरणीवाल्यावाचून कुणाचं चालत नसे, पण त्याच्यावर विश्वासही कुणी ठेवत नसे. अनेक ठिकाणी जमीनदाराच्याच गिरणीत दळण्याची सक्ती होती. दळणावळ रोख नसे; गिरणीवाला शेतकऱ्याच्या पोत्यात माप बुडवून आपला वाटा काढून घेई, पुष्कळदा सोळावा हिस्सा. दळताना थोडं पीठ उडून जातंच. घरी पीठ कमी भरलं, की शेतकरी म्हणे, गिरणीवाल्यानं माप मारलं.

या संशयाची झळ त्याच्या मुलांना लागली. काही भागांत कारागिरांचे संघ गिरणीवाल्याच्या मुलाला काम शिकायला घेत नसत. विणकर, न्हावी आणि मेंढपाळ यांच्या मुलांचीही तीच गत. पवित्र रोमन साम्राज्याच्या १५४८ च्या कायद्यानं ही बंदी चूक ठरवली, पण १५७७ मध्ये तेच पुन्हा बजावावं लागलं. जमीनदाराच्याच गिरणीत दळण्याची सक्ती प्रशिया या जर्मन राज्यात १८१० साली उठली.

मॅक्स म्युलर यांचं महाराष्ट्राशी नातं केवळ इमारतीपुरतं नाही. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी केलेल्या अर्जावर मॅक्स म्युलर यांची सही होती. पुढच्याच वर्षी टिळक सुटले.

धंद्यावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या संघांचा निवाडा काळानं खोटा ठरवला. ज्या धंद्यातल्या मुलांना त्यांनी दारं बंद केली होती, त्याच धंद्याचं नाव आज जर्मनीत सर्वाधिक लोक लावतात.