वैनगंगेच्या काठचं संशोधन



आपली वैनगंगा बालाघाट सोडून गोंदिया, भंडारा करत पुढे गडचिरोलीकडे जाते. त्या गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. राणी बंग यांच्या शोधनिबंधांविषयी मला आज बोलायचं आहे.

सुरुवात भोपाळपासून करते. 1984 च्या डिसेंबरात तिथल्या कारखान्यातून विषारी वायू पसरला तेव्हा सगळ्यांचं लक्ष डोळ्यांकडे आणि फुप्फुसांकडे होतं. ते साहजिकच होतं. पण बायकांच्या पाळीचं काय झालं, पोटातल्या बाळांचं काय झालं, हे विचारणारे थोडेच निघाले. 1985 च्या सुरुवातीलाच राणीताई आणि डॉ. मीरा सद्गोपाल वस्त्यांत गेल्या आणि त्यांनी बायकांची तपासणी केली. अंगावरून जाणं, ओटीपोटाची सूज, पाळीत जास्त रक्त जाणं या तक्रारी त्यांनी नोंदवल्या. पुढे दया वर्मा यांच्या पाहणीत कारखान्याच्या एक किलोमीटरच्या आतल्या, त्या रात्री गरोदर असलेल्या 865 बायकांची माहिती आली. त्यांतल्या सुमारे 43 टक्के गरोदरपणांतून जिवंत बाळ जन्माला आलं नाही. हा आकडा वाचताना आजही माझा आवाज स्थिर राहत नाही.

1986 मध्ये राणीताई आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तोवर स्त्रीरोगांचे आकडे यायचे ते दवाखान्यांतून, म्हणजे दवाखान्यापर्यंत पोचलेल्या बाईकडून. न पोचलेली बाई मोजणीतच नव्हती. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी 650 बायकांची तपासणी केली. तक्रार असलेलीही तपासली आणि नसलेलीही. अवघड जागेचं दुखणं घरातही न बोलणाऱ्या बायका तपासणीला तयार झाल्या, यामागे केवढा विश्वास असेल! 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग निघाला, एकेकीला सरासरी 3.6. यापूर्वी कधी अशी तपासणी झाली होती फक्त 8 टक्के बायकांची.

जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या तपासणीवरचा निबंध छापला. पानं जेमतेम चार, लेखक सहा. त्या काळी सरकारच्या लेखी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच होतं. 1994 च्या कैरो परिषदेत जगाने कुटुंबनियोजनापलीकडचं प्रजनन आरोग्य मान्य केलं, त्यामागच्या पुराव्यांत गडचिरोलीचा हा निबंध होता. पुढे 1999 मध्ये नवजात बाळांच्या घरोघरच्या काळजीवरचा निबंध आला. तिथेही घरात जन्मून घरातच गेलेली बाळं आधी मोजली गेली, आणि मग गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायकांच्या हातून अशी बाळं वाचू लागली.

संशोधकाची यादी हातात आली की निबंध किती, हे मी शेवटी बघते. आधी बघते ते हे, की आजवर न मोजलेलं कोण मोजलं गेलं.

आता आपला बालाघाट जिल्हा बघा. भरवेली, उकवा, तिरोडीचं मँगनीज, मलाजखंडचं तांबं. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर मेंदूवर परिणाम होतो, हे वैद्यकाला कधीचं ठाऊक आहे. पण त्या धुळीत राहणाऱ्या घरांत किती गर्भ पडले, हे कोणी मोजलं? रोवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकून उभ्या असलेल्या, पाळीचं कापड बदलायला आडोसा नसलेल्या बाईची नोंद कोणत्या वहीत आहे? भर उन्हात तेंदूपत्ता तोडणाऱ्या गरोदर बाईची?

मोजणीचं हे काम आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कोणी करणार असेल, तर दवाखान्याच्या रजिस्टरपासून सुरुवात करू नका. गावाच्या घरयादीपासून करा. मराठी, पोवारी, गोंडी, जी भाषा ती बाई घरात बोलते तीत विचारा. उपचाराची सोय लागल्याशिवाय कुणाला तपासायला बसवू नका. निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकाकडे जाण्याआधी त्या गावात वाचून दाखवा, आणि घरोघर फिरलेल्या आशाताईंचं नाव लेखकांत घाला.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती आहे. असा विषय घेऊन विद्यार्थी आला तर सहा महिन्यांत प्रबंध मागू नका. रोवणी वर्षातून एकदाच येते. त्याला किंवा तिला निदान दोन पावसाळे द्या.