गाडीचा थ्रॉटल, घरच्या घरी

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, आरपीएम खालीवर होतो? मग थ्रॉटल बॉडी एकदा पाहाच. एअर फिल्टरकडून येणाऱ्या जाड नळीच्या टोकाला ती असते. आत हवेची वाट उघडणारी-मिटणारी गोल झडप. इंजिनातल्या तेलाच्या वाफेमुळे तिच्या कडेला काळा थर धरतो आणि हवेची बारीक फट बुजते.

इंजिन गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, नळी सोडवा. थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर फवारून कडा हलक्या हाताने पुसा. पेट्रोल मुळीच नको, आगीशी खेळ कशाला? नव्या गाड्यांत ही झडप मोटरवर चालते. इग्निशन चालू असताना बोट घालू नका, ती अचानक मिटते. नंतर आयडल बिघडलेलंच राहिलं, तर मेकॅनिककडून स्कॅनरने जुळवून घ्या.