पाणसळ, ओळंबा आणि पिनबॉल



व्याख्यानमालेत खेळण्याविषयी बोलायचे म्हणजे थोडा धीटपणाच. पण उन्हाळ्याच्या सुटीत बॅगाटेल आपल्यापैकी पुष्कळांनी खेळले असेल. लाकडी फळी, खिळ्यांची कुंपणे, स्प्रिंगचा दट्ट्या आणि छर्रे. या दट्ट्याचे पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत १८७१ साली घेतले. पुढे १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रात विजेवर हलणारे पंखे, म्हणजे फ्लिपर, आले आणि दैवाच्या खेळात हाताचे कसब शिरले. तोच आजचा पिनबॉल.

द्रोणागिरीतल्या आमच्या घरी असे एक जुने अमेरिकन यंत्र आले. शंभर किलोंहून अधिक वजन! चार माणसांनी ते जिन्यावरून चढवताना सर्वांना पर्वत उचलणाऱ्या मारुतीचीच आठवण झाली.

यंत्र मांडले, तर चेंडू सारखा डावीकडे जाई. मी यंत्राला दोष दिला. शेजारच्या गवंड्याने पाणसळ ठेवली आणि हसून सांगितले, “काका, यंत्र सरळ आहे, फरशीला मोरीकडे उतार आहे.” पायांचे स्क्रू फिरवून आडवी पातळी साधली. मग मागची बाजू उचलून उतार दिला. नव्या यंत्रांना तो साधारण साडेसहा अंश लागतो.

दुसरी गोष्ट विजेची. अमेरिकेतला दाब १२० व्होल्ट, आपला २३०. आतल्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी आणि अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घेतल्यावाचून प्लग लावू नये. जळलेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालण्याची आपली घरगुती विद्या येथे घर पेटवील.

तिसरी गोष्ट खाऱ्या हवेची. चेंडू पोलादी, त्यावर गंज चढला की तो कानशीसारखा फळीचा रंग खरवडतो. असा चेंडू घासत बसू नये, बदलावा.

आता यंत्र आपलेसे करण्याविषयी. आवाज कमी करा, तापणारे दिवे काढून एलईडी लावा, रबरी कडी बदला. यात गैर काही नाही. पण एक चूक मी केली, ती सांगतो. यंत्राच्या पोटात धातूचा एक ओळंबा कड्यातून लोंबत असतो. खेळणाऱ्याने फार धक्के दिले की तो कड्याला टेकतो, विद्युत्मंडल पूर्ण होते आणि चेंडू बाद ठरतो. नऊ वर्षांच्या नातवाला जिंकता यावे म्हणून मी तो ओळंबाच काढून ठेवला. तीन दिवस त्याने यंत्र गदागदा हलवून गुणांचे डोंगर रचले. चौथ्या दिवशी तो फिरकेना. विचारले, तर म्हणाला, “आजोबा, आता हरताच येत नाही.”

त्याच संध्याकाळी ओळंबा जागेवर गेला. नातवासाठी पायाखाली पाट ठेवला, कडेचे खुंट सरकवून चेंडू निसटण्याच्या वाटा अरुंद केल्या आणि तीनांऐवजी पाच चेंडूंचा डाव ठरवला. मात्र ही सवलत घरातल्या सर्वांना सारखीच. परवा त्याने मला हरवले. त्याचा आनंद पाहून मी ओळंब्याला मनोमन नमस्कार केला.

खेळ सोपा करावा, खोटा करू नये, एवढेच मला सांगायचे होते.