नोंदी जपणे आणि नोंदी परत मिळवणे
(वार्षिक सभेतील भाषण)



रुग्णालयात नवे यंत्र आले की ते सर्वांच्या नजरेस पडते. रुग्णनोंदींची राखीव प्रत मात्र कोणाला दिसत नाही. आज आम्ही तिच्याविषयी बोलणार आहोत. प्रत असणे एवढ्याने भागत नाही. संकटकाळी ती किती तासांत पुन्हा वापरात येते, याला खरे महत्त्व आहे.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला. शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. बॅकअप सर्व्हर शाबूत असल्याने ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली. तरीही सुमारे दोन आठवडे बरेचसे काम कागदावर चालवावे लागले.

जून २०१७ च्या सायबर हल्ल्यात न्हावा शेवा येथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले होते. समूहाच्या एका कळीच्या सर्व्हरची शाबूत प्रत केवळ घानातील कार्यालयात उरली होती. इंटरनेटवरून ती पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते, म्हणून ती विमानाने हातोहात ब्रिटनला नेण्यात आली.

हिशेब साधा आहे. एक टेराबाइट माहिती सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने आणण्यास २२ तासांहून अधिक वेळ लागतो. एक गिगाबिट वेगाने सुमारे सव्वादोन तास. म्हणून एक प्रत इमारतीतच वेगवान डिस्कवर, परंतु एरवी जाळ्यापासून अलग ठेवावी. दुसरी शहराबाहेर असावी. प्रत संक्षिप्त स्वरूपात ठेवून अनेक प्रवाहांनी एकाच वेळी वाचावी. शोधसूच्या माहिती भरून झाल्यावर बांधाव्यात. पूर्ण प्रत वारंवार घ्यावी, म्हणजे नंतरच्या व्यवहारनोंदी पुन्हा चढविण्यात वेळ जात नाही. दाखल रुग्णांच्या नोंदी प्रथम, जुन्या क्ष-किरण प्रतिमा मागाहून आणाव्यात. आणि घड्याळ लावून या साऱ्याची नियमित तालीम करावी. तालमीविना सांगितलेला वेळ हा केवळ अंदाज होय.

जालना, बीड, परभणीहून मध्यरात्री बेशुद्ध अवस्थेत आणलेल्या रुग्णाला कोणते औषध सोसत नाही, हे त्याची जुनी नोंदच सांगू शकते. ती दुसऱ्या दिवशी सापडून उपयोग नाही. आपण दिलेल्या देणगीतील काही वाटा या न दिसणाऱ्या कामासही लाभावा, अशी आमची नम्र विनंती आहे.