शिष्य म्हणजे शिकणारा

‘शिष्य’ हा शब्द उच्चारतांच गुरूच्या पायांशीं बसलेला कोणी भाविक आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. पस्तीस वर्षें शाळेंत काढल्यामुळें मला मात्र चुकणारा, खोडणारा आणि पुन्हां लिहिणारा मुलगाच दिसतो. ख्रिस्ताचा शिष्य याहून फारसा निराळा नसावा.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांस १८९३ सालीं आगगाडींत एका गृहस्थानें ‘नवा करार’ दिला आणि १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मला अधिक शिकवून गेल्या त्या लक्ष्मीबाई. पतीच्या धर्मांतरानें त्यांचा संसार मोडला. कांहीं वर्षांनीं त्या टिळकांकडे परत आल्या, त्या आपलें सोवळें बरोबर घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें. पुढें विचार करतां करतां हा भेद माणसांनींच केला आहे, असें त्यांच्या मनानें घेतलें. मनांतला विटाळ आधीं गेला, मग घागरीचा. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं. ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना हा क्रम माझ्या मनांत रुतून बसला, कारण आमच्या घरीं तो नेमका उलट होता.

आमचें घराणें तीन पिढ्यांचें ख्रिस्ती. एके दुपारीं मी तेंच पुस्तक वाचीत बसलों होतों. भांडीं घासणाऱ्या बाईंनीं चहा घेतला, आपला कप धुतला आणि खिडकीच्या कडेला पालथा ठेवला. तो तेथेंच कां असतो, हें इतक्या वर्षांत मीं कधीं विचारलें नव्हतें. पत्नीस विचारलें. ती म्हणाली, “सासूबाई तसाच ठेवीत.” त्याच माझ्या आईनें डोंगरावरील प्रवचन माझ्याकडून तोंडपाठ करविलें होतें!

दुसऱ्या दिवशीं मीं तो कप फडताळांत आमच्या कपांशेजारीं ठेवला. बाईंनीं तो शोधून पुन्हां खिडकीशीं नेला. आठवडाभर असेंच चाललें. कप हलविला कीं काम झालें, अशी या मास्तराची समजूत! अखेर, आमच्याबरोबर टेबलाशीं बसावें, अशी मीं त्यांस विनंती केली. त्या संकोचल्या, खरें सांगावयाचें तर मीही संकोचलों. काय बोलावें तें सुचेना. मग त्यांनींच विचारलें, “मास्तर, तुम्ही साखर कमीच घेतां वाटतं?”