गाळा मागायला गेलो तेव्हा

(नाशिकला वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला इथं उभं केलंय ते मी वक्ता आहे म्हणून नव्हे. मी मोटारी भरतो. अंबडच्या एका कारखान्यात नऊ वर्षं वाइंडिंग केलं, कंत्राट संपलं, घरी बसलो. मग म्हटलं, हात आपला आहे, तार बाजारात मिळते, स्वतःचा गाळा टाकू. एवढीच गोष्ट. पण तिच्यात थोडा कायदा आहे आणि तो मला फार उशिरा कळला, म्हणून तेवढा भाग जागं राहून ऐका.

गाळा शोधायला निघालं की पहिली गाठ एजंटची. एजंट जात विचारत नाही, तो सुधारलेला माणूस. तो विचारतो, पूर्ण नाव काय? मूळ गाव कोणतं? राहायला कुठं? तीन प्रश्नांत त्याच्या हातात तुमचा सातबारा येतो. मग गाळा 'कालच गेला' होतो. सिडकोत कालच गेला. इंदिरानगरला कालच गेला. सातपूरला मालकाच्या भाच्याला हवा होता. दोन महिन्यांनी त्या भाच्याच्या गाळ्यासमोरून गेलो तर शटरवर पाटी तशीच : भाड्याने देणे आहे. भाचा बहुतेक अजून जन्माला यायचा होता.

कोणी म्हणेल, हे तुझ्या मनाचे खेळ. मग बडोद्याला चला. १९१७ साल. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना सरकारी नोकरी होती, पण डोकं टेकायला जागा नव्हती. पारशी सराईत पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं जिना चढून वर आली, चालता हो म्हणाली. पुढं मुंबईत त्यांनी शेअर्सचा सल्ला द्यायचा धंदा काढला. सल्ला चालत होता, जात कळली आणि गिऱ्हाईक पांगलं. एवढ्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाला धंद्याची अक्कल नव्हती असं कोणी म्हणणार असेल तर त्याने पुढं येऊन म्हणावं.

आणि आपलं नाशिक. २ मार्च १९३० ला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढं होते. ती लढाई वर्षानुवर्षं चालली. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी त्या देवाधर्माचाच नाद सोडला. पण तेव्हा एक बरं होतं. दरवाजा बंद आहे हे सगळ्या जगाला दिसत होतं. आडवं कोण उभं आहे तेही दिसत होतं. आज शटर खाली येतं तेव्हा आडवं कोणीच नसतं. मोबाइलवर नुसता मेसेज येतो, 'सॉरी बरं का भाऊ', पुढं हात जोडल्याचं चित्र.

शेवटी मला एक गाळा मिळाला. मालक गोड बोलणारा. म्हणाला, "कागदबिगद कशाला, विश्वास आहे ना?" दोस्तहो, मला कोणीतरी हो म्हणालं याचाच एवढा आनंद झाला की मी कागद मागितलाच नाही. उलट मलाच लाज वाटली, मागितला तर त्याला काय वाटेल! साठ हजार डिपॉझिट रोख मोजलं. त्यातले तीस बायकोच्या बचत गटाचे. पावती नाही. थ्री फेजची लाइन मी ओढली, रॅक मी ठोकले, व्हार्निश सुकवायची भट्टी मी बसवली.

आपल्या त्रिरश्मीच्या लेण्यांत तुम्ही सगळे जाता, फोटो काढता. तिथं नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. व्याजातून भिक्खूंच्या चिवरांचा खर्च. सगळं दगडात कोरलंय. राजाच्या जावयालाही कारागिरांशी व्यवहार लिहून ठेवावासा वाटला. आणि मी, अंबडचा शिकलेला कामगार, साठ हजार रुपये तोंडी देऊन आलो.

पाच महिने धंदा बरा चालला. १४ एप्रिलला मी शटरवर निळा झेंडा लावला, आत बाबासाहेबांचा फोटो. त्या आठवड्यापासून व्हार्निशचा वास यायला लागला. म्हणजे व्हार्निश पहिल्या दिवसापासून होतं, वास १४ एप्रिलनंतर सुटला. शेजारच्या दुकानदारांची तक्रार आहे म्हणे. महिनाभराने मालकाने लाइन तोडली. विहिरी आटत आलेल्या, शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी गाळ्यात पडलेल्या, आणि मी मेणबत्ती लावून बसलेलो. गेलो सोडून. रंगरंगोटीचे पैसे कापून अकरा हजार हातावर ठेवले. एकोणपन्नास हजार गेले. मी पोलिसांकडे गेलो नाही की वकिलाकडे नाही. मला वाटलं, आपल्याकडे कागद नाही, आपण कोण?

आता कायदा ऐका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याचं कलम ५५. गाळा भाड्याने द्या नाहीतर लिव्ह अँड लायसन्सवर द्या, करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरी गोम पुढं आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल जागा घेणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं. ते खोटं आहे हे समोरच्याने सिद्ध करायचं. कळलं का? कागद नव्हता म्हणून मी मान खाली घालून निघालो, आणि कागद नव्हता म्हणून मान त्याची अडकलेली होती! त्याच कायद्यात भाडेकरूचं वीज-पाणी तोडायला मनाई आहे, कलम २९. मी मेणबत्ती घेऊन बसलो होतो तेव्हा हे कलम पुस्तकात झोपलेलं होतं.

'अकरा महिने' हा मंत्र मालक का जपतात? नोंदणीच्या जुन्या कायद्यात वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा. कलम ५५ पुढं ही पळवाट चालत नाही, मुदत कितीही असो. दुसरी भीती जुनी आहे. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर बसलेले होते त्यांना सरकारने भाडेकरू करून टाकलं. तेव्हापासून मालकांच्या पोटात गोळा आहे. पण आजच्या लायसन्सवाल्याने फुशारू नये. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, जागेवर हक्क नाही. मुदत संपली की उठायचं. म्हणून मुदत मोठी मागा, डिपॉझिट चेकने द्या, आणि आपण बसवलेलं सामान कोणाचं हे करारातच लिहून घ्या.

जातीवरून नाकारलं तर? अत्याचार प्रतिबंधक कायद्याची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. धंदा करण्यात आडकाठी आणि आर्थिक बहिष्कार हे तिच्यात गुन्हे आहेत. पण सिद्ध कसं करणार? भाच्याला साक्षीला बोलावणार? मला हा रस्ता अवघड वाटतो, खोटं कशाला बोलू. तरी एक सवय लावा. तोंडी ठरलं की त्याच दिवशी मेसेज टाका : साहेब, आज भाडं इतकं, डिपॉझिट इतकं, अमुक तारखेपासून, असं ठरलं. मेसेज पुसू नका.

आणि आपलेही काही महाभाग आहेत. वस्तीत दोन गाळे बांधले, पाटीवर नाव बुद्धाचं, आणि आपल्याच पोरांकडून रोख डिपॉझिट, पावती नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, "आपल्या माणसांत कागद कशाला?" हे वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलं होतं.

आता मला सातपूरला गाळा मिळालाय. भाडं नऊ हजार, डिपॉझिट पन्नास हजार, मुदत छत्तीस महिने. यावेळी चहा प्यायच्या आधीच कागदाचं बोललो. मालक पाच मिनिटं गप्प बसला. त्या पाच मिनिटांत माझा घसा कोरडा पडला, वाटलं गेला हाही गाळा. मग म्हणाला, खर्च तुमचा. म्हटलं, माझा. हिशेब केला : एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला दहा टक्के व्याज मिळून जी रक्कम होते तिच्यावर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे साडेआठशेच्या आसपास, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. मागच्या वेळी मी एकोणपन्नास हजार घालवले होते.

सोमवारी सकाळी साडेदहाला नोंदणी आहे. दोन साक्षीदार लागतात. तुमच्यातले दोघं चला, येताना आधार कार्ड आणा.