नकाशा आणि निर्यात
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ऐरण आणि लेथ यांवर पोसलेली आपली ज्ञाति. मामाच्या नकाशावरून भाच्याने काम उतरवावे, यात आजवर कोणी वावगे मानले नाही. संरक्षणसामग्रीच्या कामात मात्र हा घरोबा चालत नाही, हे आम्हांस स्पष्ट सांगावयाचे आहे.

माल बंदराबाहेर गेला तरच निर्यात, ही समजूत अपुरी होय. नकाशा ई-मेलने परदेशी धाडणे हीही निर्यातच. आपल्याकडे १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली ‘स्कोमेट’ यादी आहे. २०१७ साली तिच्या सहाव्या वर्गात युद्धसामग्री घातली गेली. त्यातील बहुतेक वस्तूंस संरक्षण उत्पादन विभागाचा परवाना लागतो.

अमेरिकेत तर परदेशी नागरिकास तेथल्या तेथे अशी माहिती दाखविली तरी ती निर्यात ठरते. टेनेसी विद्यापीठाचे प्राध्यापक रीस रॉथ यांनी हवाई दलासाठी चाललेल्या संशोधनाची माहिती चिनी व इराणी विद्यार्थ्यांस खुली केली. २००९ साली त्यांना चार वर्षांचा कारावास झाला. विद्वत्ता आड आली नाही!

तेव्हा तिकडे नोकरीस असलेल्या आपल्या मुलांकडे, ती सुट्टीत घरी आली असता, कारखान्यातील आरेखने कौतुकानेही मागू नयेत. अमेरिकेतून रीतसर आलेला संरक्षणविषयक नकाशा दुसऱ्या कारखान्यास देण्यासही तेथील सरकारची संमती लागते. जॉबवर्क घेणारा सख्खा साडू असला तरी ती हाती येईपर्यंत नकाशा कुलपातच ठेवावा. साडू रुसलेच, तर त्यांस खुशाल आमचे नाव सांगावे.